बागेसाठी निधी मागायचाय? आधी जागेचा कागद बघा

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत घणसोलीला नव्याने राहायला आलं की एक गोष्ट हमखास खटकते. इमारतीसमोर मोकळा भूखंड आहे, त्यात गवत माजलंय, कडेला डेब्रिजचे ढीग आहेत आणि पोरं मात्र रस्त्यावर क्रिकेट खेळतायत. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा पेटते. एक जण म्हणतो, आमदार निधीतून करून घेऊ. दुसऱ्याला केंद्राची कुठलीशी योजना आठवते. आठवड्याभरात तो विषय पाणीकपातीच्या मेसेजखाली गाडला जातो.

पैसे देणारी दारं बरीच आहेत, पण प्रत्येक दारावर पहिला प्रश्न तोच: जागा कोणाच्या नावावर आहे? त्याचं उत्तर हातात नसेल तर बाकी सगळी धावपळ फुकट. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यातल्या बहुतेक योजनांत रहिवाशांच्या हातात धनादेश पडत नाही. पैसा महापालिकेकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा वन खात्याकडे जातो. तुमचं काम मागणी नीट मांडायची, ती योग्य टेबलावर योग्य महिन्यात पोचवायची आणि मग मागे लागायचं.

जागा कोणाची?

भूखंडावर लावलेल्या पाटीवर विसंबू नका, पाट्या जुन्या असतात. महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या भागाचा विकास आराखड्यातला भाग नकाशा शुल्क भरून मिळतो. सातबारा महाभूलेखवर बघता येतो. ठाण्यात गावठाण आणि जुन्या शहराच्या भागात मालमत्ता पत्रक, म्हणजे लोक ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ते, काढावं लागतं. हे दोन कागद शेजारी ठेवले की तुमची जागा पुढच्यापैकी कोणत्या प्रकारात मोडते ते कळतं.

सगळ्यात सोपं प्रकरण म्हणजे महापालिकेच्या ताब्यातलं मैदान किंवा उद्यान. इथे फक्त पैशाचा प्रश्न उरतो.

दुसरा प्रकार ठाण्यात फार दिसतो. आराखड्यात हिरवा रंग आहे, 'उद्यान' किंवा 'खेळाचे मैदान' असं लिहिलंय, पण जमीन अजून खासगी मालकाची आहे. अशा जागेवर कुठलाही सरकारी निधी खर्च होत नाही. आधी ती ताब्यात यायला हवी, आणि त्याचे तीन रस्ते महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ मध्ये आहेत: वाटाघाटीने मोबदला देऊन, मोबदल्याऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) देऊन, किंवा सक्तीच्या भूसंपादनाने. पालिकांच्या तिजोरीची अवस्था बघता टीडीआरचा रस्ताच जास्त चालतो. कोलशेतचं २०.५ एकरांचं सेंट्रल पार्क फेब्रुवारी २०२४ मध्ये खुलं झालं, ते असंच विकासकाने उभारून पालिकेच्या हवाली केलेलं. तिथे प्रवेशशुल्क आहे, आणि सार्वजनिक बागेला तिकीट असावं का यावर माझं मत फारसं अनुकूल नाही. पण रस्ता तो आहे.

याच कायद्याचं कलम १२७ मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक पालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उडतं. २०१५ च्या दुरुस्तीआधी ही मुदत १२ महिने होती. तुमच्या समोरच्या भूखंडाला अशी नोटीस लागली आहे का, हे नगररचना विभागाला लेखी विचारा. लागली असेल तर बाकं-झोपाळे विसरा आणि संपादनाची मागणी लावून धरा.

तिसरा प्रकार नवी मुंबईचा खास. इथली जमीन मुळात सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची. १९७० साली सिडको स्थापन झाली, महापालिका आली १९९२ मध्ये, आणि उद्यानं-मैदानं टप्प्याटप्प्याने पालिकेकडे हस्तांतरित होत गेली. सगळी झालेली नाहीत. त्यामुळे भूखंड हिरवा दिसतो म्हणून तो हिरवाच राहील असं समजू नका. घणसोलीचं उदाहरण ताजं आहे. तिथे २००३ मध्ये सरकारी क्रीडा संकुलासाठी २० एकर जागा राखली गेली. संकुल काही झालं नाही. २०१६ मध्ये सिडकोने त्यातला भाग खासगी विकासकाला दिला, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने संकुलच रायगड जिल्ह्यात माणगावला हलवायचं ठरवलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने हे निर्णय रद्द ठरवले. म्हणून नवी मुंबईकरांनी पहिलं पत्र लिहायचं ते एवढंच विचारायला: हा भूखंड हस्तांतरित झाला आहे का, कोणत्या तारखेला, कोणत्या वापरासाठी?

सोसायटीच्या आवारातली बाग हा चौथा प्रकार. ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. ती रहिवाशांची असते आणि खर्चही रहिवाशांचाच. 'आम्हीही कर भरतो' हा मुद्दा इथे चालत नाही. गेटवर वॉचमन बसवून बाहेरच्यांना अडवायचं आणि आत सार्वजनिक पैशाने झोपाळे लावायचे, असं होत नसतं.

वनजमीन, कांदळवन आणि तलाव यांचं गणितच वेगळं. त्यावर पुढे लिहिलंय.

भाग नकाशा हातात असतानाच आरक्षणाचा प्रकारही टिपून ठेवा. 'खेळाचे मैदान' असेल तर तिथे कारंजं आणि लॉन मागू नका. वापर बदलायचा म्हटलं की फाइल नगररचनेत जाते, आणि तिथून ती केव्हा परतेल ते कोणी सांगू शकत नाही.

कोणत्या दारावर जायचं?

काम लहान असेल, म्हणजे बाकं, दिवे, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, तुटलेलं कुंपण, तर महापालिकेच्या बाहेर जायची गरजच नाही. उद्यान विभागाच्या लेखाशीर्षात, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्याच्या खर्चाच्या रकान्यात, देखभाल-दुरुस्तीची तरतूद असते, शिवाय प्रभागातल्या कामांसाठी नगरसेवकांच्या वाट्याचा निधी असतो. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून बराच काळ प्रशासक होते, तेव्हा नगरसेवकाचं दार बंद होतं. त्या काळात लोकांना थेट प्रभाग कार्यालयात आणि उद्यान विभागात जायची सवय लागली. ती सोडू नका. नवी मुंबईत बेलापूरपासून दिघ्यापर्यंत आठ विभाग कार्यालयं आहेत, ठाण्यात नौपाडा-कोपरीपासून दिव्यापर्यंत प्रभाग समित्या आहेत. आपलं कुठलं ते मालमत्ता कराच्या बिलावर छापलेलं असतं. त्याच बिलात वृक्ष कराची ओळ दिसेल. १९७५ च्या झाडांच्या जतन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरण चालतं, त्याच्या खर्चासाठी हा उपकर आहे. झाडं लावणं, त्यांची निगा, रोपवाटिका यांसाठी मागणी करताना या ओळीचा उल्लेख जरूर करा.

त्याहून मोठं काम असेल तर आमदार आणि खासदार. राज्यात आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात, खासदाराचा निधीही वर्षाला ५ कोटींचा. दोघंही फक्त शिफारस करतात. मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते आणि प्रत्यक्ष काम महापालिका किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. म्हणून शिफारसपत्र मिळालं की पेढे वाटू नका, निम्मा रस्ता अजून बाकी असतो. मतदारसंघ नीट तपासा. ऐरोली आणि बेलापूर हे विधानसभा मतदारसंघ ठाणे लोकसभेत येतात, पण मुंब्रा-कळवा येतो कल्याण लोकसभेत. कळव्याच्या माणसाने ठाण्याच्या खासदारांकडे खेटे घालून उपयोग नाही. तसंच खारघर-कामोठ्याचं: लोक सर्रास 'नवी मुंबई' म्हणतात, पण तो भाग २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे, जिल्हा रायगड, जिल्हाधिकारी अलिबागला.

खेळाच्या मैदानासाठी एक दार फारसं कोणाला माहीत नसतं. राज्याच्या क्रीडा खात्याकडून क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकासासाठी अनुदान मिळतं, आणि ते जिल्हा वार्षिक योजनेतून येतं. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करायचा. स्थानिक स्वराज्य संस्था, शाळा आणि अटींत बसणाऱ्या नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकतात. म्हणजे इथे तुमच्या मंडळाला थेट उभं राहता येतं, पण नोंदणी, हिशेबाचे लेखापरीक्षण अहवाल आणि जागेचा हक्क, हे तिन्ही कागद चोख लागतात. मंडळ कालपरवा नोंदवलं असेल तर शाळेला पुढे करा आणि तुम्ही मागे राहा.

शहराच्या पातळीवरच्या योजनांची नावं माहीत असावीत, एवढंच. शहरांसाठीचं केंद्राचं अमृत अभियान २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यात हिरव्या जागांचा भाग होता. ऑक्टोबर २०२१ च्या अमृत २.० मध्ये जलस्रोतांच्या पुनरुज्जीवनावर भर आला. केंद्राच्या नगर वन योजनेत (२०२०) १० ते ५० हेक्टरच्या जागेला नगर वन आणि १ ते १० हेक्टरला नगर वाटिका म्हणतात, हेक्टरी ४ लाखांपर्यंत मदत मिळते आणि पैसा भरपाई वनीकरणाच्या निधीतून येतो. या योजनांचे प्रस्ताव पालिका किंवा वन खातं करतं. आपण फक्त 'अमक्या जागेचा विचार करा' असं लेखी सुचवायचं.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी त्या देतात तो पैसा, हा सरकारी निधी नव्हे, पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटच्या आसपास कंपन्या आहेत म्हणून विषय निघतोच. संस्थेकडे प्राप्तिकराच्या १२ए आणि ८०जी आणि सीएसआरचे पैसे घ्यायला लागणारी सीएसआर-१ अशा नोंदण्या असतील तरच त्या वाटेला जा.

एका पानाचा अर्ज

लांबलचक निवेदनं कोणी वाचत नाही. 'शहराची फुप्फुसं', 'भावी पिढी' वगैरे शब्द वगळा. विषयाच्या ओळीतच सगळं यायला हवं:

'विषय: सेक्टर अमुक, भूखंड क्रमांक अमुक, महापालिकेच्या ताब्यातील खेळाच्या मैदानावर पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह व चार दिवे यांसाठी आगामी आर्थिक वर्षाच्या अर्थसंकल्पात तरतूद करण्याबाबत.'

खाली चार परिच्छेद पुरे. जागेचं क्षेत्रफळ आणि हस्तांतरणाची तारीख. आज तिथे कोण, केव्हा, कशासाठी येतं. काय काय हवं, क्रमाने. आणि देखभालीत रहिवासी काय वाटा उचलतील. दुसऱ्या परिच्छेदासाठी थोडं कष्टाचं काम करा: एका शनिवारी सकाळी सहापासून आणि संध्याकाळी पाचपासून मैदानात कोणी तरी वही घेऊन बसा. चालणारे ज्येष्ठ किती, खेळणारी मुलं किती, त्यात मुली किती, आणि मुली किती वाजता घरी परततात ते लिहा. अंधार पडताच मुली दिसेनाशा होत असतील तर दिव्यांची मागणी आपोआप सिद्ध होते. स्वच्छतागृह नसलेल्या मैदानात बायका अर्ध्या तासावर थांबत नाहीत, हेही वहीत उमटतं. असा एक तक्ता जोडलेला अर्ज पाचशे सह्यांच्या निवेदनापेक्षा वजनदार असतो, असं मला वाटतं. सह्या जोडायच्या तर जोडा, पण मागच्या पानावर.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक शाखेत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. 'साहेबांच्या हातात दिला' याला काही अर्थ नसतो. पुढची प्रत्येक चौकशी त्या आवक क्रमांकावर होते.

दिवाळी ते मार्च

महापालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. खात्यांकडून पुढच्या वर्षाच्या मागण्या गोळा व्हायला लागतात साधारण दिवाळीनंतर, आणि आयुक्त अर्थसंकल्प मांडतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणून फराळाचे डबे रिकामे झाले की अर्ज द्या. एप्रिलमध्ये दिलेला अर्ज वाईट नसतो, पण त्याला पुढच्या तरतुदीची वाट बघावी लागते, नाहीतर कुठल्या तरी लेखाशीर्षातून उरलेल्या पैशांची. अर्थसंकल्प जाहीर झाला की तो संकेतस्थळावर टाकला जातो. उद्यान विभागाची पानं उघडून आपलं काम नावाने आलंय का, की 'विविध उद्यानांचा विकास' अशा गोणीत गेलंय, ते बघा. गोणीत असेल तर पाठपुरावा दुप्पट लागतो, कारण त्या गोणीवर अनेकांचे हात असतात.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवीन मंजुऱ्या थांबतात. तोवर काम प्रत्यक्ष सुरू झालेलं असेल तर ते चालू राहतं.

एस्टिमेट बनताना हजर राहा

तरतूद झाली की कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेतात आणि एस्टिमेट, म्हणजे कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज, तयार होतं. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम करायचा लेखी आदेश. या साखळीत रहिवाशांना खरा वाव मिळतो तो मोजमापाच्या दिवशीच. नंतर एकेक वस्तू बदलायची म्हणजे कागद पुन्हा फिरवायचे. त्यामुळे अभियंता कधी येणार हे विचारून ठेवा आणि दोघं-तिघं हजर राहा. वीस जणांचा घोळका नको.

तिथे काय सांगायचं? माझा आग्रह मातीसाठी असतो. आपल्याकडे बाग म्हटलं की आधी पेव्हर ब्लॉक येतात, मग 'आय लव्ह अमुकतमुक'चा दिवा लावलेला फलक आणि रंगीत कारंजं, जे पहिल्या पावसाळ्यानंतर बंद पडतं. चालायच्या वाटेवर पेव्हर ठीक, बाकी जमीन पाणी मुरण्यासाठी उघडी राहू द्या. झाडांच्या बुंध्याभोवती सिमेंटचा गळफास बसणार नाही, हे एस्टिमेटमध्ये लिहून घ्या. झाडं बहावा, ताम्हण, कदंब, करंज अशी मागा. शोभेच्या पामची सावली कोणाच्या डोक्यावर पडत नाही. ओपन जिमची यंत्रं ऐरोली, नेरुळसारख्या खाडीकाठच्या भागात लवकर गंजतात, तेव्हा तिथे दोन कमी घ्या पण रंग-गंजरोधनाची देखभाल एस्टिमेटमध्ये मागा. फाटक किती वाजता उघडेल-बंद होईल आणि किल्ली कोणाकडे, हेही त्याच दिवशी बोलून घ्या. चांगल्या बागा कुलपामुळे वाया गेलेल्या दिसतात.

कामात झाड आडवं येत असेल तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं वय जितकी वर्षं, तितकी नवी झाडं लावावी लागतात, आणि ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. आराखडा थोडा वाकवला तर बहुतेक वेळा झाड वाचतं.

तलाव, खाडी, डोंगर

ठाणे तलावांचं शहर. मासुंदा, कचराळी, उपवन, आंबेघोसाळे, सिद्धेश्वर, रायलादेवी ही नावं नव्या माणसालाही महिन्याभरात पाठ होतात. केंद्राच्या राष्ट्रीय तलाव संवर्धन योजनेत शहरातल्या नऊ तलावांचं काम झालं होतं. २०१३ मध्ये ती योजना पाणथळींच्या योजनेत विलीन झाली आणि आता केंद्र-राज्य वाटा ६०:४० असा असतो. तलावासाठी निधी मागताना काठावरच्या रोषणाईपासून सुरुवात करू नका. तलावात येणारं सांडपाणी कुठून शिरतं ते शोधा, त्या नाल्याचा फोटो जोडा आणि 'हे वळवा' अशी पहिली मागणी करा. चहूबाजूंनी काँक्रीटची भिंत घातली की तलावाची टाकी होते. नवी मुंबईतल्या गावांच्या तलावांत गणेश विसर्जनासाठी गॅबियन भिंत (जाळीत दगड भरून केलेली भिंत) घालून कोपरा वेगळा केलाय. त्याने मूर्तींचा गाळ एका बाजूला राहतो आणि बाकी पाणी बचावतं. हा खर्च मागण्याजोगा आहे.

खाडीकाठी मात्र हात आखडता घ्या. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. कांदळवनांत आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मज्जाव आहे. तिथे जॉगिंग ट्रॅक मागणारा अर्ज म्हणजे आयतं भांडण. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो, ऐरोलीला त्यांचं जैवविविधता केंद्र आहे. राडारोडा टाकला जात असेल तर तक्रार त्यांच्याकडे, आणि मागणी करायचीच तर कुंपण, पाट्या, गस्त यांची करा. येऊरचंही तसंच. डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा, पायथ्याचा पट्टा पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा, त्यामुळे पालिकेच्या उद्यान विभागाला तिथे फारसं काही करता येत नाही.

कार्यादेश निघाल्यावर

काम सुरू झालं की जागेवर फलक लागायला हवा: कामाचं नाव, निधी कुठला, रक्कम, ठेकेदार, मुदत. नसेल तर पहिलं पत्र त्यासाठी. एस्टिमेट, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती माहिती अधिकारात मागता येतात. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्यात अर्जाला दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, तेव्हा 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. कार्यादेश क्रमांक टाकून नेमके तीन कागद मागा. उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयात पहिलं अपील. हे भांडण म्हणून करू नका. अभियंत्याला आधी फोन करून सांगितलं तर कित्येकदा प्रती तशाच बघायला मिळतात.

एस्टिमेट हातात आल्यावर मैदानात जाऊन ताडून बघा. बारा दिवे लिहिलेत आणि आठ लागलेत, हे मोजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. अंतिम देयक निघण्याआधी हे कळवलं तर सुधारणा होते.

आणि कार्यादेशात दोषदायित्व कालावधी किती लिहिलाय ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये घालून ठेवा. त्या मुदतीत ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते. पहिल्या जुलैत पाणी कुठे साचलं, कुठली फरशी खचली, कुठल्या झोपाळ्याची साखळी तुटली याचे तारखेसकट फोटो काढा आणि आवक शिक्क्यासह पत्र द्या. मुदत उलटली की तीच फरशी पुढच्या अर्थसंकल्पाच्या रांगेत जाते.